दहा आणि वीस

धुळे, गल्ली नंबर सहा, जिना चढलं की पहिला मजला.
डावीकडे छाजेडांची सरकी-पेंडीची दलाली,
उजवीकडे अ‍ॅडव्होकेट शकुंतला भामरे, कौटुंबिक दावे.
मध्ये प्लायवूडची भिंत, भिंतीला भोक,
भोकातून निळी वायर.
बिल महिन्याला आठशे, निम्मं-निम्मं.
पासवर्ड दोघांचा एकच: दुकानाचा जुना फोन नंबर,
जो पेंडीच्या पोत्यांवरही छापलेला.

तीन वर्षं कुणाचं काही अडलं नाही.

मग एका मंगळवारी
मॅडमच्या नव्या कम्प्युटरने
आपला आपणच शोधला जवळचा प्रिंटर,
आणि अर्ज निघाला भिंतीपलीकडे.
भावाची यादी घ्यायला उठलेले दिवाणजी,
निंबा बेडसे, ट्रेपाशी थबकले.
पान अजून गरम होतं.
अर्जदार: सौ. उज्ज्वला, वय सत्तावीस,
माहेरचं आडनाव बेडसे.
अकरा पानं. तारखा होत्या.
त्यांत दिवाळीचीही एक होती,
जेव्हा ती म्हणाली होती, चकल्या तळताना हात भाजला.

हे त्यांनीच मला सांगितलं,
चहावर साय धरेपर्यंत, प्रिंटरकडे बघत.
पानं त्यांनी पेंडीच्या लिफाफ्यात घातली,
मॅडमच्या दाराखालून आत सरकवली.
लिफाफ्यावर काहीच लिहिलं नाही.

बुधवारी मॅडमचा फोन: आज. आत्ता.

माझा बाप पांझरेच्या फडावर पाटकरी होता.
बंधारा एक, पाट एक,
उसाचा फड वेगळा, गव्हाचा वेगळा,
आणि फावडं याच्या हातात.
पाणी सगळ्यांचं, म्हणायचा, चिखल ज्याचा त्याचा.
कुणाचं वाफ्यातच जळालं, कुणी रात्री बांध फोडला,
त्याला सगळं ठाऊक.
पारावर बसला तरी तंबाखूच मळायचा.

मी स्विच बसवला.
दहा नंबर छाजेडांना, वीस नंबर मॅडमला.
दहाला वीस दिसत नाही, वीसला दहा.
जग मात्र दोघांनाही दिसतं.
बाकावर ताटकळणाऱ्या पक्षकारांसाठी तीस नंबर,
त्यांना व्हॉट्सअ‍ॅपपुरतं पुष्कळ.
प्रिंटर दहात बांधून टाकला.
नवे पासवर्ड दिले, म्हटलं कुठे लिहू नका.
दोघांनी माझ्यासमोरच लिहून घेतले.

शेवटी दिवाणजींच्या खुर्चीत बसून
पलीकडच्या मशीनला हाक मारली.
चार वेळा.
चारही वेळा उत्तर नाही.
असं झालं की आमचं काम झालं.

दिवाणजी पाठीशी उभे होते.
"तठलं आठे काहीच येवाव नही ना?"
नाही, काका.
पडद्यावर चार ओळी तशाच होत्या. त्या ते वाचत होते,
इंग्रजी येत नसताना.
"आन् आठून तठे काही धाडनं व्हई, ते मंग?"

त्यालाही नियम लिहिता येतो. एका ओळीचा.
कुणाकडून, कुणाकडे, कोणत्या दाराने,
एवढंच सांगावं लागतं.
मी बोललो नाही. एम-सील मळायला घेतलं,
भोकात वायरभोवती उरलेली जागा बुजवायची होती.

तेवढ्यात त्या उरलेल्या जागेतून
खुर्ची सरकल्याचा आवाज आला,
मग एक बाई, हळू,
जणू दुसऱ्या कुणाबद्दल बोलतेय.

दिवाणजींनी चष्मा पुसला, टोपी सारखी केली
आणि बाहेर गेले. जिन्याकडे नाही.
मॅडमच्या दारात लाल पट्ट्याची चप्पल होती,
एक पट्टा दोऱ्याने शिवलेला.
त्या टाक्याकडे बघत ते उभे राहिले.

मी मळत राहिलो.
हातातलं कडक व्हायला लागलं तरी
भोक बुजवलं नाही.