लाभ

इन्सुलिनचं पेन फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या वरच्या खणात.
भिंतीवर पतपेढीचं कॅलेंडर.
सुई टोचली की त्या दिवसाच्या चौकटीत मी पेन्सिलीनं रेघ मारते,
सकाळची उभी, रात्रीची आडवी.
दोन्ही मिळून बेरजेचं चिन्ह होतं.
बेरीज कसली, ते विचारू नका.

आधी ह्या रेघा नव्हत्या.
आधी सगळं ह्यांच्या डोक्यात असायचं :
कुठल्या गाळ्यावर कुठला माल,
कुठल्या शेठचा काटा किती खातो,
मसजिदबंदरहून बाजार वाशीला आला त्या साली
कोणाकडून चहाचे किती येणं राहिलं.
मापाडी होते हे. दाणाबाजारात एकतीस वर्षं.
पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं.
लाभ, दोन, तीन...
घरात भाकऱ्या मोजतानासुद्धा लाभ.
पहिली मुलगी झाली तेव्हाही दवाखान्याच्या दारात हेच म्हणाले
आणि सासूबाईंनी तोंड फिरवलं.

साखरेची पोती तोलली हजारो,
चिमूट कधी तोंडात टाकली नाही.
तरी बावन्नाव्या वर्षी लागलीच.
आधी पायाचा अंगठा बधिर झाला, मग डोळ्याला लेझर.
तेवढं कळत होतं. पाय दिसतो, डोळा दिसतो.
मग एकदा हे कोपरखैरण्याच्या नाक्यावर
दुधाची पिशवी धरून उभे राहिले, अर्धा तास.
सगळ्या बिल्डिंगी एकाच साच्यातल्या, मी म्हटलं,
कोणीही चुकेल.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूतल्या बारीक नळ्या.
मला पोतं दिसलं,
हुकाचं एवढंसं भोक पडलेलं,
हमाल पाठीवर घेऊन निघालाय आणि त्याला ठाऊक नाही
मागं दाण्यांची ओळ पडतेय.
बाई ह्यांना म्हणाल्या, शंभरातून सात सात वजा करत जा.
त्र्याण्णव, म्हणाले. शहाऐंशी.
मग माझ्याकडं बघितलं.

त्या रात्री आठला सुई घेतली.
घेतली हे विसरले.
नऊला पुन्हा घेतली.
दोनला मला जाग आली ती गादी ओली लागली म्हणून.
घामानं. अंग गार, दात घट्ट,
डोळे उघडे आणि त्यांत कोणी नाही.
अहो, म्हटलं. अहो, ऐका ना. सुमनचे बाबा.
वरच्या मजल्यावरचा इंद्रजित, अँब्युलन्सवर असतो तो,
बनियनवर धावत आला,
हिरडीला साखर चोळत ओरडला,
"काकू, अहो काय! नावानं हाक मारा, नावानं!"

चव्वेचाळीस वर्षं.
उखाण्यात घेतलं तेवढंच, तेही यमकात गुंडाळून.
मी तोंड कानाशी नेलं.
सर्जेराव.
मग मोठ्यानं. सर्जेराव! ए सर्जेराव!
विहिरीत उतरलेल्या माणसाला
वरून मारतात तशी.

पापणी हलली.
इंद्रजितनं एक बोट पुढं धरलं, काका, हे किती?
"लाभ," म्हणाले.
त्याला वाटलं, बरळतायत.

अशा प्रत्येक रात्रीत थोडं जातं, बाई म्हणतात.
साखर चढली तरी जातं, उतरली तरी जातं.
आता पेनाचा डबा कुलपात, किल्ली माझ्या कमरेला.
कधी कधी कॅलेंडरसमोर मीच उभी राहते,
ही रेघ आजची की कालची.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून आलो.
चहा बशीत ओतता ओतता म्हणाले,
रात्री कोण बाई हाका मारत होती?
म्हटलं, शेजारची असेल.
बराच वेळ बशीवर फुंकर घालत राहिले.
"आपल्याकडचीच वाटली," म्हणाले,
"नाव बरोबर घेत होती."