फुलीचं पोतं

कळमन्यात, गेट नंबर तीनच्या मागे,
पत्र्याच्या शेडमध्ये रात्रपाळीला दिवे मालवतात
आणि जांभळी नळी लावतात.
पट्ट्यावरून शेंगदाणे येत राहतात,
काळोखात कुणाचेच न वाटणारे,
आणि मध्येच एक
हिरवट चमकतो, मांजराच्या डोळ्यासारखा.
पुष्पकला मेश्राम तो उचलते.
बाकीच्यांना दिसायच्या आत उचलते.

मी प्रयोगशाळेतला. माझ्याकडे यंत्र आहे,
ते आकडा देतं : अब्जात पंधराच्या वर की खाली.
तिच्याकडे अंगठा आहे.
"हा हलका लागते, सर. अन् याची साल
उन्हानं पोळलेल्या चामडीवाणी निघते."

मी विचारलं, चव?
"चव नका घेऊ." मग जरा थांबून,
"देवका घ्यायची. पाळीला पसाभर.
कडू निघाला तरी गिळायची,
थुंकायची लाज तिला."
देवका उईके. मेडिकलच्या कुठल्याशा वॉर्डात
तिचे डोळे हळदीचे झाले होते.
दाण्यानं की कशानं, कुणी लिहिलं नाही.
मीही नाही. माझ्या रजिस्टरात
माणसांचा रकाना नाही.

बुरशी फार आधीची.
ओलं बारदान, तीन रात्री उघड्यावर,
फाटकी ताडपत्री, बस.
पुढे भट्टीत दीडशे अंशाला भाजा,
बुरशी मरते.
तिनं मागे सोडलं ते मरत नाही.
ते जिवंत नव्हतंच कधी.

नाकारलेलं पोतं दाराशी उभं असतं.
त्यावर मी लाल शाईनं फुली मारतो.
सकाळी छोटा हत्ती येतो,
फुलीचं पोतं आधी चढतं.
कुठं? "घाण्यावर," ड्रायव्हर म्हणतो,
"नाहीतर कुटात. कुटल्यावर काय दिसते, साहेब?"
मालकाच्या वहीत त्याचे पैसे जमेला.

मागच्या गुरुवारी मी त्या पोत्यावर
अख्खी बाटली फिनेल ओतलं.
वास कसला, मालकानं विचारलं.
उंदीर, म्हणालो.
पुष्पकलानं मान वर केली नाही, पण तिचा हात
पट्ट्यावर क्षणभर थांबला
आणि तेवढ्यात चार-पाच दाणे पुढे गेले.

पाळी सुटल्यावर आम्ही तर्री-पोहे खातो, उभ्यानंच.
ती पोरीच्या दहावीचं सांगत असते
आणि बोटं, त्यांना कुणी सांगितलेलं नसताना,
प्लेटच्या काठाला दाणे लावत जातात.
सगळे नाही.
काही.
एवढ्या लख्ख उजेडात
मला तर सगळे सारखेच दिसतात.