पाण्याची रेघ

विश्वामित्री ओसरली तेव्हा
मी घरोघर जुन्या साड्या मागत फिरले,
न धुतलेल्या.
लोक हसले. घेऊन जा ताई, चिखलासकट.

कारेलीबागेतली नारायणपेठ: रेघ काठाशी, दोन बोटं.
समाच्या सोसायटीतली बांधणी: रेघ गुडघ्याएवढी,
तिच्याखाली आणखी एक, फिकट,
मागच्या पुरातली.
परशुराम भठ्ठ्यातलं लुगडं, खुंटीवरचं:
वर हातभर गुलाबी उरलेला, बस्स.

गवंड्याकडून पाण्याची नळी मागून आणली,
सगळ्या रेघा एका रांगेत धरल्या.
रेघ सरळ झाली
आणि साड्या वरखाली.
कुणाची छताला टेकलेली,
कुणाची फरशीवर लोळत.

गाळाच्या कडेकडेने धावदोरा घालायचा होता,
मध्ये मध्ये मगरीच्या पाठीसारखे उठावाचे टाके.
सुईत दोराही ओवला होता.

तेवढ्यात जशीबेन आल्या, बगलेत गाठोडं.
मी उलगडून पाहिलं, मागून, पुढून,
उजेडाकडे धरून.
सबंध साडी एकाच रंगाची. खाकी.
"रेघ कुठेय हिच्यावर?"
"रेघ कसली? आखी डूबी गई'ती."

कुठे टांगायची ही,
माझी दोरी तर डोक्याच्या वर.
मी खिळे मोजत राहिले.
त्याच म्हणाल्या, गोधडी शिव ना,
डिसेंबरात लागेल मला.

प्रदर्शनात एक खिळा रिकामा आहे.
लोक विचारतात, इथलं चोरीला गेलं का?

रात्री घरी मी टाके घालते.
जुना गाळ सुईला धरून ठेवतो,
दर चार टाक्यांनी ती
साबणाच्या वडीत खुपसावी लागते.