तिसावा मणी

शेगडीतला एक निखारा
बाबांच्या टाचेखाली आला, सांत जुआँवच्या रात्री.
ते बोलतच राहिले शेजाऱ्याशी,
डिझेलच्या भावाबद्दल.
वास आधी मला आला.
सार्डिन करपली, कुणीतरी म्हणालं.
सार्डिन ताटात होती.

पोव्हुआच्या धक्क्यावर या दुखण्याला
नुसतं 'पावलांचं' म्हणतात.
"झेफेरिनुलाही पावलांचं लागलं,"
एवढं बोलून बायका
पुन्हा जाळ्याच्या गाठीकडे वळल्या.
भरतीसारखं वर चढतं ते,
पण ओहोटी नाही त्याला.
आजोबांना चाळिशीतच घेऊन गेलं.
बाबांना उशिरा गाठलं, ही कृपा समजायची.

मी पोर्तोत, नदीकडे पाठ केलेल्या इमारतीत
हेच बघायचा पगार घेते.

एकशे सत्तावीस मण्यांची माळ.
कुणी न शिकवता ती आपली आपण दुमडते :
पाण्याला बिचकणारे मणी आत,
वाऱ्याकडे पाठ करून कोळणी बसाव्यात तसे.
अशा चार माळा एकमेकींना धरून राहिल्या
की बांधली गेली चौघींची मोट,
रक्तातून मुकाट्यानं ओझं वाहणारी.

आमच्या घरात तिसावा मणी वेगळा.
व्हॅलिनच्या जागी मेथिओनिन,
जरासा लांबट, एवढंच.
बाकी माळ तीच. घडीही जवळजवळ तीच.

जवळजवळ.

पकड सैलावते. चौघींतली एक सुटते.
सुटलेली विस्कटते,
आणि विस्कटलेल्या साऱ्या मग एकमेकींना
घट्ट धरतात, फार घट्ट,
नसांच्या कडेनं, जन्मभरासाठी.
तुटण्यानं माणसं मरतात हे ठाऊक होतं मला.
असं जुळण्यानंही मरतात, ते इथं शिकले.

घडी मोडायला किती घडी लागते :
तीनशे पानांच्या प्रबंधात
माझा प्रश्न एवढाच होता.

संगणकावर ते सुटणं पकडायला
चार महिने लावले.
चार महिन्यांत हाती आले
मायक्रोसेकंद, बोटांवर मोजण्याइतके.
बाबांना दाखवलं : निळ्या, तांबड्या फिती
जागच्या जागी थरथरताना.
"सुटते कधी?"
"अजून नाही सुटली."
"चार महिने," ते हसले, "आणि मासा नाही."
मग खुर्ची ओढून बसले,
हात गुडघ्यांवर, दोर धरल्यासारखे,
आणि तासभर बघत राहिले.
जेवायला दोनदा हाक मारावी लागली.

आता गोळी आहे.
चौघींच्या मधल्या फटीत जाऊन बसते,
होडीच्या फळ्यांत काथ्या ठोकावा तशी.
गेलेलं परत येत नाही. पुढचं थांबतं.
कधी कधी थांबतं.
बाबा ती कॉफीबरोबर घेतात
आणि रिकाम्या पाकिटाच्या चांदीला घड्या घालत बसतात,
अर्ध्यात अर्धी, आणखी अर्धी,
बोटांना कळेनाशी होईपर्यंत.
हल्ली ते लवकर होतं.

आमच्या होडीवर, दारावर, कुळाची खूण कोरलीय :
एक गळ आणि दोन आडव्या रेघा.
थोरला त्यात आपली एक रेघ वाढवतो, मधला दोन.
धाकट्याला बापाची खूण मिळते,
काही न बदलता.

मी धाकटी.
फ्रीजमध्ये दोनशे अनोळखी माणसांचं रक्त
उणे ऐंशीवर सांभाळते, नावांऐवजी आकडे लावून.
माझी नळी त्यात नाही.
एर्मेलिंडा, आमची तंत्रज्ञ, वर्षातून एकदा विचारते,
मग स्वतःच विषय बदलते.

परवा रविवारी बाबांना वाळूवर नेलं.
नोव्हेंबरचा समुद्र, माणूस ना काणूस.
त्यांनी बूट काढले, मोजे काढले,
घोट्यापर्यंत लाटेत उभे राहिले
आणि क्षितिजाकडे बघत विचारलं,
हवामान विचारावं तसं :
"पाणी गार आहे का गं?"

मी बूट काढले.
पाय आत घातला, आणि थांबले.
एक लाट गेली. दुसरी आली.

गार होतं, हाडापर्यंत गार.
"गार आहे, बाबा," मी म्हणाले,
आणि उगाच, जरा जास्तच मोठ्यानं,
"खूप गार आहे."