डोक्याला तेल

आमच्या मंडळीत कपाळाला राख लावत नाहीत.
उपासकाळ लागला हे गावाला कळायचं
गुणवंताच्या पानठेल्यावरून.
बाप रस्त्याच्या पल्याडनं जायचा,
मान खाली, जशी उधारी थकली आहे.
गुणवंता ओरडायचा,
"शांतवनभाऊ, लागले वाट्टे तुमचे चाळीस दिस!"
बाप खिशातली खर्र्याची पन्नी चाचपायचा,
घडी घातलेली, रिकामी.
तिसऱ्या दिवसापासून
तो बकरीशीही नीट बोलायचा नाही.

रिबकाआत्याचं निराळं.
दिवसभर पाणी,
दिवस बुडाला की एक भाकर, वर मीठ.
पण सकाळी दारात बसून
टोळंबीचं तेल चोपडायची केसांना,
तोंड धुवायची खसाखसा,
तांब्यात निखारे टाकून
इस्त्री केलेलं लुगडं नेसायची
आणि हरभरा सोंगायला जायची.
बाया धुऱ्यावरून हाक मारायच्या,
"कोनाच्या लग्नाले निंगाली वं रिबका?"
"हाये एकाचं," म्हणायची,
आणि विळा उचलायची.

मी बापाला विचारलं होतं,
"आत्या हसते, मंग तू कायले रुसतं?"
बाप म्हणाला, "तिचा उपास हाये, बाई.
माह्यी नुसती तलफ."

चुलीमागे डालड्याचा डबा होता.
पीठ मळायच्या आधी
एक मूठ ज्वारी त्यात, तांदळाचीही एक,
घरटी एक डबा, कंपाउंडमधल्या अकरा घरांत.
सणाच्या पहाटे सगळे एकाच गंजात ओतायचे.
मी रोज डबा हलवून ऐकायची.
आधी खुळखुळ.
मग नुसता जड.

त्या वर्षी मोह लवकर टपकला.
पोडावरची जंगूबाई अंधारात टोपलं घेऊन यायची,
मागून तिची सून, दिवस भरलेली,
एकेक फूल वाकून वेचत.
मग दोन दिवस सून दिसली नाही.
तिसऱ्या दिवशी आत्या पोडावर जाऊन आली,
डबा काखेत मारला
आणि पुन्हा गेली.
परत आली तेव्हा डबा वाजत होता.
आत पोडावरच्या कोणी
दोन मोहफुलं टाकली होती.

बायकांच्या सभेत बोलणं झालं.
पाळकीणबाई म्हणाल्या, हा सणाचा वाटा होता.
एलिशाची आई म्हणाली, मग आम्ही कशाला मूठ काढली?
आत्या पदराची गाठ सोडत होती, बांधत होती.
"सण तिच्या घरी आधी उतरला," म्हणाली,
"मी काय त्याले म्हनू, रविवारपर्यंत थांब?"
कोणी हसलं नाही.
कोणी आमेनही म्हटलं नाही.

मग ती पहाट.
आम्ही कंदील घेऊन मसणवटीत,
आदल्या दिवशी चुना मारलेल्या थडग्यांमधून,
आईच्या थडग्याचा चुना माझ्या फ्रॉकला लागलेला.
पळस झडून गेलेला, जमिनीवर लाल.
पाळकसाहेब म्हणाले, प्रभू उठला आहे!
आणि बाप, जो चाळीस दिवस गुरगुरत होता,
सगळ्यांच्या आधी, सगळ्यांच्या वर,
खरोखर उठला आहे!
निंबावरची वटवाघळं उडाली.
मग धावत जाऊन त्यानं
रुळाचा तुकडा असा बडवला
की नाल्यापलीकडचे लोक बाहेर आले.

गंजात यंदा भात थोडा.
त्यात पाणी वाढलं, आलू वाढले,
कोणाची तरी म्हातारी कोंबडी पडली,
आणि भरपूर सांबार चिरून.
दहा डब्यांवर अकरा घरं, वर पोडावरचे सात जण.
पुरलं म्हणणार नाही.
पण कोणी उठेना.
जंगूबाईची सून भिंतीला टेकून
बाळाला पाजत, रस्सा फुंकून पीत होती.
एलिशाच्या आईनं तिच्या ताटात
न बोलता आपला तुकडा टाकला.

दुपारी गुणवंता ठेला बंद करून आला,
सायकलला टेकून, मुठीत पुडी.
"वाट पाहून पाहून सुपारी वाळली, शांतवनभाऊ!"
बापानं कपाळावर हात मारला.
विसरलाच होता.
गुणवंताला पंगतीत ओढून बसवलं,
खर्रा मात्र घेतला. खोटं कशाला सांगू.

आत्या कुठेय म्हणून मी चुलीकडे गेले.
रात्रभर जागलेली,
केस कोरडे, पिंजारलेले, सुटलेले,
ढणाढणा फुंकणी मारत होती
आणि फुंकणीच्या तालावर
एक पाय नाचत होता.
"आत्या, आज तेल नाही?"
तिनं हाताच्या मागच्या बाजूनं घाम पुसला.
कपाळभर राख.
"आज कायले?" म्हणाली.
"आला ना नवरदेव."