चौथा रकाना

हर्णैच्या बर्फाच्या कारखान्यावर, वरच्या खोलीत,
आम्ही जुने गेम वहीत लिहून ठेवतो.
पहिला रकाना नाव. दुसरा, कोणी केला. तिसरा साल.
चौथ्यात: कशावर चालतो.

तीन महिने पेन चौथ्यातच अडकतंय.

खाली लादी फुटली की टेबल हलतं,
मुश्ताक परकार मॉनिटर धरून ठेवतो
आणि म्हणतो, लिही की. कॉम्प्युटर. संपलं.

त्याच्या भावाचा गेम, नाव ‘खाडीपार’.
दापोलीच्या क्लासमध्ये सात नंबरच्या मशीनवर केलेला,
सरांना हिशोबाचं सॉफ्टवेअर आहे सांगून.
होडी एक, खडक बावीस,
आणि वाऱ्याला अक्कल नाही.
फ्लॉपीवर घालून रफीकने अकरा जणांना वाटला.
त्यातली एक आमच्याकडे आलीय.
बुरशी होती, मी कापसाने पुसली.

कॉम्प्युटर, लिहिलं.

मग दोरकुलकरांचा निनाद आला. म्हणाला,
मी तो बटणांच्या फोनवर खेळलोय,
आई लिलावाला उभी असायची तेव्हा,
सुरमईच्या ढिगाआड बसून.
पाजपंढरीच्या कुणीतरी केला होता तसा, रफीकला न विचारता.
पडद्यात मावेनात म्हणून बावीसचे नऊ खडक राहिले.
हा लिहायचा?
चोरीचा माल, मुश्ताक म्हणाला.
मी म्हटलं, फ्लॉपीवर अकरा जण खेळले,
फोनवर अख्खं बंदर.

दीड दिवस आम्ही बोललो नाही.
चहा वेगवेगळा मागवला.

आता तर तो कशावरही चालतो.
जुन्या मशीनचं सोंग घेणारं सॉफ्टवेअर टाका, झालं.
निनादने माझ्या नवऱ्याच्या गाडीतल्या पडद्यावर चालवून दाखवला,
रिव्हर्सचा कॅमेरा लागतो त्या पडद्यावर.
म्हणून काय गाडी लिहायची?
वादळात आपल्या होड्या जयगडच्या खाडीत नांगरतात,
म्हणून त्या जयगडच्या होतात?
हे बोलले आणि मला बरं वाटलं,
वाद जिंकल्यासारखं.
मुश्ताक म्हणाला, आमची अम्मी गुहागरची.
बेचाळीस वर्षं इथे नांगरलीय.
तिला कुठे लिहिशील?

बुधवारी कतारला फोन लावला.
रफीकभाई, तुमच्या मते कशावर?
तिकडे बराच वेळ नुसता एसीचा आवाज.
मग म्हणाला,
टीव्हीला जोडतात ना, त्या गेमच्या डब्यावर.
त्याच्यासाठीच होता तो. फ्लॉपीतला नुसता खर्डा.
माळ्यावर बघ, पत्र्याच्या ट्रंकेत, सीडी असेल.

होती. लग्नाच्या फोटोंखाली.

डबा चिपळूणहून आणला, वापरलेला,
एक कंट्रोलर तुटका.
सीडी आत गेली, घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली.
पडदा निळा झाला.
पाणी हललं. खरंच हललं,
भरती लागताना हलतं तसं, कडेकडेने,
लांब सुवर्णदुर्गाचा एक बुरूज, चौकोनी ठोकळ्यांचा.
होडी नाही. खडक नाहीत.
कुठलंही बटण दाबा, पाणीच.
एवढं करून तो विमानात बसला होता.

नियम माझाच आहे, पहिल्या पानावर, लाल शाईत:
जो पुरा झाला नाही, लोकांपर्यंत गेला नाही,
तो चौथ्या रकान्यात येणार नाही.
मीच खाली दोनदा रेघ मारलीय.

खाली लादी फुटली.
मुश्ताकने मॉनिटर धरला नाही,
पाण्याकडे बघत राहिला.

मी लिहिलं:
कॉम्प्युटर.
बटणांचा फोन, न विचारता, नऊ खडक.
टीव्हीचा डबा, आणि पुढे बारीक अक्षरात,
समुद्र तेवढा.

अक्षरं चौथ्यात मावली नाहीत, पाचव्यात गेली.
पाचवा रकाना शेऱ्याचा.
तो तसाही आम्ही कोराच ठेवतो.

गाडीचं निनाद अजून विचारतोय.