कायच नाय

गस्तीवरून परतलो की पहाटे
आईचा फोन. आचऱ्याहून.
"काय गावलां काय रे?"
"कायच नाय."
पलीकडे थोडा वेळ नुसती गाज.

चाळीस वर्षं रापणीच्या दोराला खांदा लावलेल्या घरात
कायच नाय म्हणजे वाईट सकाळ,
म्हणजे चुलीवर नुसती पेज.
तिला कितीदा सांगितलं,
आमच्याकडे उलटं असतं,
रिकामं जाळं हीच आमची भरली पाटी.
ती म्हणते, असली कसली नोकरी.

भगवती बंदरातून निघताना
रत्नदुर्गाचा दिवा पाठीवर थाप मारतो
आणि सोडून देतो.
मग रडारचा हिरवा काटा,
सोळा नंबरवरची खरखर,
डिझेलच्या वासाचा चहा.
बारा मैलांपर्यंतचं पाणी आपलं, असं पुस्तकात आहे.
बाराव्या मैलावर मी वाकून पाहिलंय पुष्कळदा:
शिवण दिसत नाही कुठे.
तेराव्यातही जाळ्याला तसंच चांदणं चिकटतं.

परवा रात्री विजयदुर्गासमोर
एक ठिपका. दिवा नाही, उत्तर नाही.
दोनदा हाक दिली, हिंदीत, मग मराठीत,
तिसऱ्यांदा आपसूक मालवणीत:
"होडीवाल्यानू, खंयची होडी?"
तेव्हा कुठे एक टॉर्च हलला.

'सातेरी कृपा'. तांडेल आपा मोंडकर.
इंजिन दुपारपासून गप्प, बॅटरी उतरलेली,
दाढीत मीठ.
कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्यात,
डबा देवीच्या फोटोमागे.
कागदावर सहा. डेकवर सहा.
पण ताटल्या सात,
धुऊन उपड्या घातलेल्या.

मी ताटल्यांकडे बघितलं, आपाने माझ्याकडे.
वारासुद्धा पडलेला होता.
बर्फाच्या खणाचं झाकण उचललं तर
बांगड्यांच्या शेजारी
गुडघे पोटाशी घेऊन एक पोरगा, ओठ जांभळे.
टेकबहादूर. डोंगरांच्या मुलखातला,
समुद्र पहिल्यांदा बघून सव्वा महिना झालेला.
कार्ड हरवलं होतं, वर्दीला भ्याला.
मी बंदूक पाठीमागे सरकवली, हात दिला.
त्याचा हात माशासारखा गार,
पण माशासारखा निसटला नाही.

नियम मोडला नाही मी.
होडी ओढत आणली, चौकशी बंदरावर झाली,
नोंदवहीत लिहिलं ते खरंच लिहिलं:
कागदावर सहा, माणसं सात.
ताटल्यांसाठी रकाना नसतो.
माझी घोंगडी त्याच्याकडेच राहिली, तिलाही नाही.

पहाटे फोन.
"काय गावलां काय रे?"
"गावलो. एक."
"केवढो?"
"आसतलो सतरा-अठराचो."

गाज. बराच वेळ गाज.
मग म्हणाली,
"जेवलो काय तो?"